न झिजता जुने होणारे यंत्र

अकलूजच्या परिसरात साखर कारखान्यात राबलेल्या माणसास यंत्राचे म्हातारपण ओळखता येते. गाळपाचे रोलर झिजतात, बेअरिंग आवाज करू लागते. हंगाम संपला की मिल खोलावी लागते. संगणकाच्या प्रोसेसरचे तसे नाही. त्यात फिरणारे, घासणारे काही नसते. पहिल्या दिवशी तो ज्या वेगाने बेरीज करी, त्याच वेगाने वीस वर्षांनीही बहुधा करतो. तरी तो मोडीत निघतो. कारण त्याच्या पोटात नाही, बाहेर आहे.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. १९८८ साली तेथे सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली. हवा तेवढा मोठा महासंगणक अमेरिका देईना, तेव्हा डॉ. विजय भटकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. एकच बलाढ्य प्रोसेसर शोधीत न बसता त्यांनी इंग्लंडच्या इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर नावाचे लहान प्रोसेसर घेतले, एकमेकांस जोडले आणि एकच गणित सर्वांत वाटून दिले. ऊसतोडीची टोळी फडात उतरते, तशीच ही रीत. संघटनेत आयुष्य काढलेल्या आम्हांला ती भावली, यात नवल नाही.

पुढे इन्मॉसचा टी ९००० हा प्रोसेसर वेळेवर आला नाही, आणि सांगितलेला वेगही त्याने गाठला नाही. इतर कंपन्या मात्र धावत होत्या. चिपवरील ट्रान्झिस्टरांची संख्या दर दोन वर्षांनी दुप्पट होईल, असा अंदाज गॉर्डन मूर यांनी १९७५ मध्ये बांधला होता. १९७१ च्या इंटेल ४००४ वर ते सुमारे २,३०० होते; आज ते अब्जांनी मोजतात. पुण्यातले ट्रान्सप्यूटर बिघडले नव्हते. मोजण्याचे माप बदलले होते. म्हणून १९९४ चा 'परम ९०००' सुपरस्पार्कवर, १९९८ चा 'परम १००००' अल्ट्रास्पार्कवर आणि २००३ चा 'परम पद्म' आयबीएमच्या पॉवर ४ वर बांधला गेला. मेंदू दर वेळी परक्याचा. काम वाटून देण्याची विद्या तेवढी माणसांजवळ राहिली. ती मोडीत घालावी लागली नाही.

बदल म्हणजे सारी फसवणूक, असे आम्ही म्हणत नाही. तेच काम नवा प्रोसेसर थोड्या विजेवर करतो. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार काढून घेतला, आणि विंडोज ११ इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर स्वीकारत नाही. कामगाराच्या निवृत्तीचे वय निदान करारात लिहिलेले असते. येथे चालता संगणक परक्याच्या तारखेने जुना ठरतो. अशा संगणकावर लिनक्स बसवले, तर कचेरीचे हिशेब व सभासदांच्या याद्या यांचे काम अजून काही वर्षे सहज निघते.