काउमातुआंची घरे

न्यूझीलंडच्या माओरी समाजात वयोवृद्ध व्यक्तीला काउमातुआ म्हणतात. या शब्दात वयाबरोबर अधिकारही अभिप्रेत आहे. जमातीच्या सभास्थानाला मराए असे नाव आहे. तेथे पाहुणे आले म्हणजे त्यांना पहिली साद घालण्याचा मान स्त्रियांचा, विशेषतः वृद्ध स्त्रियांचा असतो. त्यानंतर बहुतेक जमातींत वृद्ध पुरुष स्वागताचे भाषण करतात आणि भाषण संपताच सर्वजण मिळून गीत गातात. वंशावळी, डोंगर-नद्यांची नावे, पूर्वजांच्या कथा या विधींतूनच पुढील पिढीच्या कानी पडत आल्या आहेत. त्यामुळे वृद्धांनी कोठे व कोणासमवेत राहावे, हा प्रश्न या समाजात निवाऱ्यापुरता मर्यादित राहत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो एका भाषेच्या अस्तित्वाचा प्रश्न झाला.

१९४५ साली माओरी लोकसंख्येचा सुमारे एक चतुर्थांश भाग शहरांत राहत होता; १९८६ पर्यंत हे प्रमाण चार पंचमांशाच्या जवळ गेले. कारखान्यांतील रोजगाराने तरुणांना शहराकडे ओढले आणि शासनाने या स्थलांतरास उत्तेजन दिले. शासकीय घरे देताना माओरी कुटुंबे एकत्र न वसवता गोऱ्या वस्त्यांमध्ये विखरून टाकण्याचे धोरण होते. ही घरे पतिपत्नी आणि मुले एवढ्याच कुटुंबाच्या कल्पनेवर बांधलेली असत. आजी-आजोबा बहुधा गावीच मागे राहत. शाळांतून इंग्रजीचेच राज्य होते आणि माओरी बोलल्याबद्दल छड्या खाल्लेली पिढी आता आईबापांच्या भूमिकेत आली होती. आपल्या वाट्याला आलेले मुलांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून तिने घरातही इंग्रजीच स्वीकारली. रिचर्ड बेंटन यांनी १९७० च्या दशकात केलेल्या पाहणीतून भाषेची ही ओहोटी स्पष्ट दिसली.

जे गावच शहराच्या पोटात होते, त्याची कथा अधिक कठोर आहे. ऑकलंड येथील ओकाहू उपसागराच्या काठी न्गाती फातुआ जमातीच्या लोकांची ओराकेई ही वस्ती होती. १९५१ साली सरकारने तिची उरलीसुरली जमीन सक्तीने ताब्यात घेतली. रहिवाशांना टेकडीवरील शासकीय घरांत हलवण्यात आले. सभागृहासह जुनी घरे जाळून टाकण्यात आली. लोकांना नवे छप्पर आणि नळाचे पाणी मिळाले. पण आपल्याच भूमीवर ते भाडेकरू झाले. पाहुण्याचे स्वागत करण्यास अंगण उरले नाही, मृताला जमातीच्या सभागृहात ठेवून दोन-तीन दिवस जागर करण्यास जागा उरली नाही. पूर्वीची जमीन म्हणून दफनभूमीचा तेवढा तुकडा त्यांच्याकडे राहिला. वृद्धांना घर मिळाले, पण ते ज्या ठिकाणी वृद्ध म्हणून उभे राहत, ते स्थान गेले.

या अनुभवातूनच पुढील चळवळींना बळ मिळाले. १९७५ साली फिना कूपर यांनी वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी ते हापुआपासून वेलिंग्टनच्या संसद भवनापर्यंत सुमारे एक हजार किलोमीटरचा भूमिमोर्चा नेला. वाटेतील मराएंमध्ये मोर्चाचे मुक्काम पडत. १९७७ च्या जानेवारीत ओराकेईच्या वरील बास्टियन पॉइंट या जागेवर जो हॉक यांच्या नेतृत्वाखाली ठाण सुरू झाले. ते ५०६ दिवस चालले आणि २५ मे १९७८ रोजी पोलिसांनी २२२ जणांना अटक करून ते मोडले. जमातीतील सारेच वृद्ध या मार्गाशी सहमत नव्हते. काहींना वाटाघाटीचा मार्ग योग्य वाटत होता. ज्येष्ठांचा अधिकार म्हणजे ज्येष्ठांचे एकमत नव्हे, हे येथे लक्षात घ्यावे लागते. वाइतांगी न्यायाधिकरणाने १९८७ साली ओराकेईच्या लोकांवरील अन्याय मान्य केला आणि १९९१ साली त्यासंबंधीचा कायदा झाला.

याच काळात अनेक मराएंच्या आवारात वृद्धांसाठी छोटी घरे उभी राहू लागली. या घरांची रचना साधी असते. प्रत्येकाची चूल व न्हाणी वेगळी. सभागृह, भोजनगृह आणि अंगण मात्र सर्वांचे. शेजारी स्वयंपाकाची लगबग सुरू झाली, की पाहुणे येणार हे कळते. अंत्यविधी असेल तर रात्रीच्या जागरात वृद्धांचा आवाज जवळच उपलब्ध असतो. कार्यक्रम आखून वृद्धांचे मन रमवावे लागत नाही, कारण कार्यच त्यांच्यावाचून अडते.

१९८२ साली वेलिंग्टनजवळील वाइनुइओमाता येथे पहिले कोहांगा रेओ, म्हणजे 'भाषेचे घरटे', सुरू झाले. मधली पिढी मुकी झाली असल्याने आजी-आजोबांची भाषा थेट नातवंडांना द्यावयाची, ही त्यामागील कल्पना होती. १९९४ पर्यंत अशी सुमारे ८०० घरटी झाली आणि त्यांत सुमारे १४,००० बालके होती. माओरी ही १९८७ च्या कायद्याने अधिकृत भाषा झाली. तथापि कायद्याला बोलणारे ओठ पुरवले ते वृद्धांनीच.

शहरात निरनिराळ्या जमातींचे वृद्ध एकत्र येतात, तेव्हा प्रश्न वेगळे रूप घेतो. हॅमिल्टन येथील राउआवाआवा या संस्थेने अशा वृद्धांसाठी आरोग्य, स्नेहमेळावे आणि क्रीडास्पर्धा यांची सांगड घातली आहे. ओराकेई येथे २०१६ साली जमातीने आपल्या भूमीवर ३० घरांची वसाहत पुरी केली.

काळाने मात्र एक कठीण वळण आणले आहे. शाळेत छडी खाल्लेली पिढी सरली. आज काउमातुआंच्या घरांत ज्यांना आईबापांनी जाणूनबुजून भाषा दिली नाही, अशी त्यांची मुले राहावयास येत आहेत. मान वयाने मिळतो. पण भाषणासाठी उभे राहिल्यावर शब्द सापडत नाहीत, ही वेदना त्यांच्या वाट्याला आली आहे. त्यांतील कित्येकजण उतारवयात भाषेचे धडे गिरवतात, काही तर घरट्यात वाढलेल्या तरुणांकडून. परंपरेचा प्रवाह येथे उलटा वाहतो आहे. परंतु शिकणारा आणि शिकवणारा एकाच अंगणात राहत असतील, तर तो कोणत्याही दिशेने वाहू शकतो. अंगणच नसेल, तर मात्र कोठेच वाहत नाही.