पंढरपूरचा पाळणा आणि अठरावे वर्ष

बडोद्यात आपली घरे चार-पाच पिढ्यांची. तरी आषाढी-कार्तिकीला आपल्यापैकी कुणी ना कुणी पंढरपूरला जातेच. विठोबाचे दर्शन होते, चंद्रभागेत स्नान होते, बुक्का आणि लाह्यांचा प्रसाद घरी येतो. त्याच गावातला बालकाश्रम मात्र आपण क्वचितच पाहतो. त्याचे गुजरातशी नाते आहे, आणि ते निदान आपल्याला तरी ठाऊक असावे.

१८७५ च्या सुमारास पंढरपूरला लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे न्यायाधीश होते. माणूस गुजराती, विचाराने प्रार्थना समाजी. बालविवाह, त्यातून आलेले वैधव्य आणि पुनर्विवाहाला बंदी, अशा त्या काळात एखाद्या विधवेला दिवस गेले की तिच्यापुढे विहीर, नाहीतर नवजात मुलाचा जीव घेणे, एवढेच उरे. न्यायासनावर बसणाऱ्याला तर ही प्रकरणे रोजच्या ओळखीची. लालशंकरांनी तिथे बालहत्या प्रतिबंधक गृह आणि अनाथाश्रम काढला. आज तो वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला जातो. पुढे अहमदाबादेत १८९२ मध्ये महिपतराम रूपराम यांच्या नावाने अनाथाश्रम निघाला, त्यातही लालशंकरांचा वाटा होता. गुजराती माणसाने मराठी मुलुखात पाळणा हलवला. आपण मराठी माणसे गुजरातेत राहतो, त्या हिशेबात एवढे देणे राहतेच.

त्याच्या बारा वर्षे आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात हेच काम आपल्या घरात केले होते. विधवांनी इथे येऊन गुप्तपणे आणि सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल न्यायचे की ठेवायचे हे तिनेच ठरवावे, अशी त्यांची जाहिरात होती. आम्हांला तिच्यातला 'तिनेच' हा भाग महत्त्वाचा वाटतो. तिथे जन्मलेला एक मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला आणि तो डॉक्टर झाला.

संस्थेत ठेवलेल्या मुलीवर अधिकार कुणाचा, हा वाद मात्र लवकरच पेटला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातून १८९३ मध्ये पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले. त्याच वर्षी सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी विवाह केला, आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम उभा राहिला. मुलीला शिकवून तिच्या पायावर उभी करायची, हा कर्व्यांचा बेत होता.

कायदा त्यामानाने उशिरा आला. मुंबई प्रांताचा बालक कायदा १९२४ चा. आजचा बाल न्याय कायदा २०१५ चा. आता प्रत्येक गृहाची नोंदणी सक्तीची, जिल्ह्याला बालकल्याण समिती, आणि बाहेरून तपासणी. ही तपासणी कागदावर राहिली की काय होते, ते २०१८ मध्ये बिहारातल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात दिसले. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या तपासनिसांशी मुली बोलल्या, म्हणून तो प्रकार उघडकीस आला. त्याआधी तिथे पाहणी करणारे काही कमी नव्हते!

आणि अठरावे वर्ष? त्या दिवशी मूल कायद्याने सज्ञान होते आणि गृह सोडते. पुढच्या आधाराची तरतूद कायद्यात आहे, ती साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत. पण खोली भाड्याने घेताना घरमालक विचारतो तो वडिलांचा पत्ता.

वाढदिवसाला आश्रमात एक वेळचे जेवण देण्याची रीत आपल्या घरांत आहे. चांगलीच आहे. गेल्या वर्षी आपल्या बैठकीत मात्र वेगळा विषय निघाला: आश्रमातून बाहेर पडणाऱ्या मुलांना आपल्यापैकी कुणाच्या रिकाम्या खोल्या, अधीक्षकांच्या संमतीने, देता येतील का? पहिला प्रश्न आला, "त्यांची हमी कोण घेणार?" बराच वेळ कुणी बोलले नाही. शेवटी दोन घरांनी नावे दिली.