यारीचा दोर

१९७२चा दुष्काळ पडला तेव्हा बालाघाटच्या डोंगररांगेतल्या आमच्या भागात विहिरी पाच-सहा परसांवर थांबलेल्या होत्या. माती, मुरूम आणि मांजऱ्या टिकाव-पहारीनं निघे. खाली काळा पाषाण लागला की जुनी माणसं हात टेकायची. दगड वर आणायचा तो डोक्यावरच्या पाट्यांनी, काठाकाठानं कोरलेल्या पायऱ्यांवरून. त्या दुष्काळात पाणी पाषाणाखाली गेलं आणि त्याच्या मागं माणसंही खाली गेली. सुरुंग आले, आणि फुटलेला दगड वर काढायला यारी आली.

ज्यांनी यारी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. काठावर लोखंडी खांब, त्याला विहिरीवर झुकलेला लांब हात, हाताच्या टोकाला कप्पी. मागं डिझेल इंजिन आणि तारेचा दोर गुंडाळणारा ड्रम. दोराच्या टोकाला बकेट. सगळ्यात मागं मोठाले धोंडे रचलेले. यारी म्हणजे तराजूच. पुढचं पारडं जड झालं की मागचं उचलतं आणि अख्खी यारी विहिरीत जाते. हात जेवढा लांब, तेवढे मागचे धोंडे जास्त लागतात.

माझे थोरले मामा यारीवर मुकादम होते. टोळीत सहा-सात माणसं, बरीचशी वडार समाजातली. दगडाची नस त्यांच्याइतकी कुणाला कळत नसे. मामा चौथी शिकलेले, पण त्यांचे नियम पक्के. सकाळी पहिली खेप रिकामी. बकेट तळापर्यंत सोडायची, वर आणायची, ब्रेक धरतो का बघायचं. बकेट तळाला टेकल्यावरही ड्रमवर दोराचे दोन-तीन वेढे राहिले पाहिजेत. बकेट काठोकाठ भरायची नाही, कारण वरून पडलेला मूठभर खडासुद्धा पन्नास फुटांवरून डोकं फोडतो. बकेट उचलली की खालच्यांनी कडेच्या कपारीला जायचं.

यारीवाल्याला विहिरीचा तळ दिसत नाही. तो काठावरच्या माणसाच्या हाताकडं बघून ब्रेक सोडतो. म्हणून खूण करणारा एकच. दोघांनी खुणा केल्या की घोटाळा ठरलेला. फक्त ‘थांब’ म्हणायला कुणालाही मुभा. मामा म्हणायचे, “थांब म्हणायला मुकादम लागत नाही. पोरानं म्हटलं तरी थांबायचं, मग विचारायचं का म्हणून.”

आणि रोज संध्याकाळी इंजिन बंद करून ते दोरावरून जाड चिंधी हळूहळू फिरवायचे. चिंधी जिथं अडकेल तिथं तार तुटलेली. त्या तुटक्या टोकांना ते कुसळं म्हणत. “कुसळं निघाली की दोर बोलायला लागला. आता ऐकायचं का नाही, ते आपल्यावर.”

या बोलण्याचा इतिहास मला फार पुढं पुस्तकातून कळला. जर्मनीत हार्ट्‌झ डोंगरातल्या खाणींत पूर्वी तागासारख्या वाखाचे दोर आणि लोखंडी साखळ्या वापरत. वाखाचा दोर ओलीनं आतून कुजे, वरून कळत नसे. साखळीची एक कडी गेली की सगळं ओझं एका क्षणात खाली. विल्हेल्म आल्बर्ट या खाण-अधिकाऱ्यानं १८३४ मध्ये लोखंडी तारांचा दोर वळला. चार तारांचा एक पेड, असे तीन पेड. बारा तारांपैकी एक तुटली तरी अकरा ओझं धरतात, आणि तुटलेली तार डोळ्यांना दिसते. तारेचा दोर माणसाला मुदत देतो, ती अशी. मामांना आल्बर्टचं नाव माहीत नव्हतं, पण त्याच्या दोराचा मतलब पुरता माहीत होता.

शेजारच्या गावात ती मुदत वाया गेली. विहीर उक्ती दिलेली, दर फुटावर. नवा दोर म्हणजे टोळीच्या कित्येक दिवसांची कमाई, म्हणून ‘एवढी विहीर होऊन जाऊ दे’ असं चाललेलं. दिवस मावळताना तिघं जण बकेटमध्ये उभं राहून वर येत होते. दिवसभर धूळ आणि सुरुंगाचा धूर खाल्लेल्या माणसाला शिडी चढायचा कंटाळा येतो, त्यात नवल नाही. निम्म्यावर दोर तुटला. दोघं जागीच गेले. तिसऱ्याचा पाय कायमचा अधू झाला.

गावात सगळे म्हणाले, नशीब. मामा दुसऱ्या दिवशी तिथं गेले आणि तुटलेलं टोक हातात घेऊन बघत बसले. थोड्या तारांची टोकं चकाकत होती. ती आदल्या दिवशी तुटलेली. बाकीची गंजून काळी पडली होती, म्हणजे आधीच कधीतरी तुटलेली. “ह्यात नशीब कुठाय? दोर किती दिस वरडत होता बघा,” एवढंच ते बोलले. त्यांच्या टोळीत बकेटमध्ये माणूस बसायचा नाही हा नियम आधीपासून होता. त्या दिवसानंतर त्यावर कुणी कुरकुर केली नाही.

कारखान्यातल्या क्रेनला १९४८च्या कारखाना कायद्यानं शिस्त लावली. किती ओझं उचलायचं ते तिच्यावर लिहिलेलं हवं आणि वर्षातून एकदा तरी जाणकारानं तपासलेली हवी. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला, तोही दहा किंवा जास्त मजूर असलेल्या कामांसाठी. सहा-सात जणांची टोळी शेतातल्या विहिरीवर दगड काढते, ती या दोन्हींच्या कडेला राहिली. तिचा कायदा म्हणजे मुकादमाची सवय. मुकादम चांगला मिळाला तर माणसं संध्याकाळी घरी जायची.

आता पोकलेननं दोन-चार दिवसांत रुंद विहीर निघते. तरी जुनी विहीर खोल करायची तर अजून यारीच उभी राहते. उक्तं देताना आपण शेतकरी फुटाचा दर विचारतो, घासाघीस करतो. त्याच वेळी दोर किती जुना आहे तेही विचारावं. इंजिन बंद असताना एकदा चिंधी फिरवायला सांगावी. माणसांना चढायला धड शिडी सोडली आहे का बघावं. नसेल तर ती आपण द्यावी. विहीर आपल्या रानात आहे, पण तळाशी दुसऱ्याच्या घरची माणसं आहेत.