टायटन भुंगेरा आणि झाडावरची वाळवी: एकाच लाकडाचे दोन गिऱ्हाईक

तळहात व्यापून टाकणाऱ्या टायटन भुंगेऱ्याचा फोटो मोबाइलवर आला, की पहिला प्रश्न ठरलेला: हा खरा आहे का? खरा आहे. ॲमेझॉनच्या जंगलात राहणारा हा जगातल्या सर्वांत मोठ्या भुंगेऱ्यांपैकी एक. लांबी 16.7 सेंटीमीटरपर्यंत, आणि जबडे पेन्सिल मोडू शकतील इतके मजबूत.

गंमत म्हणजे हे जबडे खाण्यासाठी नाहीत. प्रौढ टायटन काहीच खात नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो जगतो, जोडीदार शोधतो आणि थोड्याच दिवसांत मरतो. खाण्याचे सगळे काम अळीचे, आणि ती कुजणाऱ्या लाकडात इतकी खोल दडलेली असते, की कित्येक दशके शोधूनही अभ्यासकांच्या हाती लागत नव्हती. लोकांना दिसतात ते बहुतेक रात्री दिव्याकडे झेपावणारे नर.

त्याच जंगलात झाडावर फुटबॉलपेक्षाही मोठा तपकिरी गोळा दिसतो. ते नाझुटिटर्मिस कॉर्निजर या वाळवीचे घरटे. आपल्याकडच्या वारुळासारखे ते जमिनीवर मातीचे नसते. चावलेले लाकूड आणि विष्ठा यांच्या लगद्यापासून ते झाडावरच बांधलेले असते. आत लाखो वाळव्या असू शकतात, पण एकेक जेमतेम अर्धा सेंटीमीटर. वाळवी, तसे पाहिले तर, मुंगीची नव्हे, झुरळाची नातलग.

या वाळवीच्या सैनिकांना चावता येत नाही. त्यांच्या डोक्याला पुढे नळीसारखे टोक असते आणि त्यातून ते चिकट द्रव फवारतात. हल्ला करणाऱ्या मुंग्या त्यात अडकतात. सैनिकांना भरवावे लागते कामकऱ्यांनी. लाकूड पचते ते आतड्यातल्या जिवाणूंच्या मदतीने.

दोघांचेही जगणे मेलेल्या लाकडावर, पण खरा फरक इथेच पडतो. टायटनला जुने, मोठे, न हलवलेले लाकूड लागते. जंगल तोडले की त्याच्या अळीला दुसरी जागा नाही. वाळवीचे तसे नाही. तिला कुंपणाचा खांब चालतो, घराचे छतही चालते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डॅनिया बीच इथे 2001 मध्ये ती सापडली आणि तिला हटवण्यासाठी सरकारी मोहीम काढावी लागली. टायटन मात्र अजून दक्षिण अमेरिकेतच आहे.