वस्तरा कोणाच्या हाती?

'वय झालं, आता एवढे लांब केस कशाला सांभाळायचे?' असे एका घरात म्हाताऱ्या बाईला ऐकवले जाते. दुसऱ्या घरात एखादीने पन्नाशीनंतर केस कापले, की 'या वयात ही कसली थेरं?' असा सवाल होतो. दोन्ही ठिकाणी केस बाईच्या डोक्यावरचे असतात आणि निकाल देणारे दुसरेच असतात. प्रश्न वरवर नट्टापट्ट्याचा वाटतो. पण महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास चाळला तर ध्यानात येते, की बाईचे केस ही तिची खाजगी बाब कधीच नव्हती. त्यांच्यावर धर्माची, जातीची आणि देवीचीही मालकी सांगितली गेली.

पहिली मालकी वस्तऱ्याची. विधवेने वेणी घातली तर तिच्या मेलेल्या नवऱ्याला परलोकात बंधन पडते, असे काशीखंडाने सांगितले. या एका कल्पनेच्या जोरावर ब्राह्मण घरांतल्या विधवांची डोकी भादरली गेली. त्यात वयाचा विचार नव्हता. दहा वर्षांची पोर असो की साठीची आजी, नवरा मेला की केस गेले. बरे, ते एकदाच गेले असेही नाही. केस उगवत राहिले आणि वस्तराही फिरत राहिला. आलवणात गुंडाळलेली ती बाई त्याच बोडक्या डोक्याने म्हातारी झाली.

यामागे केवळ दुःखाचा आचार होता काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1916 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर जो निबंध वाचला, त्यात याचे उत्तर सापडते. जातीबाहेर लग्न करायचे नाही, असे ठरले की विधवा ही जातीपुढची अडचण बनते. तिला जाळायचे, नाहीतर सक्तीच्या वैधव्यात असे ठेवायचे की तिचे कोणाला आकर्षणच वाटू नये. म्हणजे डोके विधवेचे भादरले जात होते आणि राखली जात होती ती जातीची कुंपणे. दलित आणि अनेक बहुजन जातींत पाट लावण्याची मोकळीक होती, म्हणून तिथे हा वस्तरा पोहोचला नाही. पण या जाती जसजशा वरच्यांचे अनुकरण करू लागल्या, तसतशी पाटाचीच लाज वाटू लागली, हेही आपण विसरू नये.

या वस्तऱ्याला पहिला अडसर घातला तो शूद्रांनी. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 साली फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांसाठी आपल्या घराचे दार उघडले. 1890 साली 'दीनबंधू'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिक बांधवांची सभा भरली. विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे तिथे ठरले. धर्ममार्तंडांचा शास्त्रार्थ चालूच होता. तोवर ज्याच्या हातात हत्यार होते त्याने ते खाली ठेवले. ही घटना स्त्रीमुक्तीच्या इतिहासाइतकीच कामगार चळवळीच्या इतिहासातही मोडते.

मात्र इथेच एक बोचरी गोष्ट नोंदवली पाहिजे. गावगाड्यातला तोच वस्तरा महार-मांगांच्या डोक्याला लागत नव्हता. लावला तर वस्तरा बाटत असे! एका बाईवर तो जुलमाने चालला, दुसऱ्या समाजाला तो जुलमानेच नाकारला गेला. मुंबईच्या सभेने पहिला जुलूम ओळखला. दुसऱ्याविरुद्ध गावोगाव झगडा करावा लागला तो दलितांनाच.

वयाचा मुद्दा घ्यायचा तर पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण बोलके आहे. हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी त्या गावोगाव फिरून निधी गोळा करीत. त्यांचे केशवपन झालेले होते. प्रौढ वयात त्यांनी ही रूढी सोडून केस वाढवायचे ठरवले आणि लोकनिंदा सोसली. ज्या वयात बाईने 'आता केस कशाला' म्हणावे अशी अपेक्षा असते, त्या वयात केस वाढवणे हेच त्यांचे बंड ठरले.

दुसरी मालकी जटेची. ती आपल्या वस्तीतली आहे, म्हणून तिच्याबद्दल अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. तेल नाही, फणी नाही, पाण्याची टंचाई. केस गुंततात, चिकटतात, त्यांची जट होते. यात दैवी काही नाही. पण ती यल्लमाची खूण मानली गेली आणि दलित घरांतल्या कितीतरी पोरी सौंदत्तीच्या देवीला वाहिल्या गेल्या. विधवेला सांगितले, केस ठेवू नकोस. जोगतिणीला सांगितले, केसांना हात लावू नकोस. आज्ञा उलट्या, मालकी तीच. म्हातारपणी त्या जटेचे ओझे मान आणि पाठ वाकवते. कापली तर कोप होईल, या भयाने बाई ते सोसत राहते. 1934 साली मुंबई इलाख्यात, 1982 साली कर्नाटकात आणि 2005 साली महाराष्ट्रात देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. तरीही अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना घरोघर जाऊन, बाईची समजूत घालून जट सोडवावी लागते. कारण कायदा मनातली भीती कापू शकत नाही.

बाबासाहेबांनी 1927 च्या डिसेंबरात महाडला स्त्रियांना लुगडे नेसण्याची आणि दागिन्यांची जुनी तऱ्हा टाकायला सांगितले. तो पोषाखाचा उपदेश नव्हता. अंगावरची जी खूण बघून जात ओळखली जाते, ती खूण बाईने स्वतः उतरवावी, हा त्यातला अर्थ होता. जट हीही तशीच खूण आहे.

इथे कोणी विचारील, बौद्ध भिक्षुणीही मुंडन करीत, मग त्यात आणि विधवेच्या केशवपनात फरक काय? फरक वस्तरा कोणाच्या इच्छेने चालला, याचा आहे. महाप्रजापती गौतमीने आपले केस स्वतः उतरवले आणि संघाचे दार उघडावे म्हणून ती पायी वैशालीपर्यंत चालत गेली. तिच्यावर कोणी सक्ती केली नव्हती, उलट तिला नकार मिळाला होता. थेरीगाथेत अंबपाली आपल्या म्हातारपणाचे वर्णन करते, तेही केसांपासूनच. त्यात लपवाछपवी नाही, लाज नाही. बाईने आपल्या पिकल्या केसांकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याची ती आपल्या परंपरेतली जुनी साक्ष आहे.

तेव्हा म्हाताऱ्या बाईने लांब केस ठेवावेत की नाहीत, याला इतिहासाचे उत्तर एकच. ठेवावेत, कापावेत, काळे करावेत, पांढरे मिरवावेत, तिने ठरवावे. मोर्चात आपण समतेच्या घोषणा देतो. घरी आईने केस कापायचे म्हटले तर आपल्या कपाळाला आठी पडते काय, हे प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा आरशात पाहावे. तशी आठी पडत असेल, तर 1890 साली मुंबईत खाली ठेवलेला वस्तरा आपण पुन्हा उचलला, असेच म्हणावे लागेल.