टाइप-व्याख्यांचा संघर्ष

टाइप-व्याख्यांचा संघर्ष म्हणजे सी किंवा सी++ या संगणकीय भाषांतील प्रोग्रॅम कंपायल करताना एकाच नावाच्या डेटा टाइपच्या दोन परस्परविरोधी व्याख्या कंपायलरसमोर येणे होय. एका कार्यप्रणालीसाठी लिहिलेली मुक्तस्रोत लायब्ररी दुसऱ्या कार्यप्रणालीवर कंपायल करताना ही अडचण विशेषत्वाने उद्भवते.

कारणे

सी भाषेचे प्रमाणक मूलभूत पूर्णांक टाइपांचे नेमके आकारमान ठरवत नाही. केवळ किमान मर्यादा घालून देते. ‘लाँग’ हा टाइप ६४-बिट लिनक्सवर ६४ बिटांचा, तर ६४-बिट विंडोजवर ३२ बिटांचा असतो. १९८९ च्या प्रमाणकात निश्चित आकाराचे पूर्णांक टाइप नव्हते. त्यामुळे अनेक लायब्ररींनी ‘टाइपडेफ’ वापरून स्वतःची नावे तयार केली. सी भाषेत नेमस्पेसची सोय नसल्याने अशी नावे एकमेकांवर आदळतात.

उदाहरण

इंडिपेंडंट जेपेग ग्रुपने १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली ‘लिबजेपेग’ ही लायब्ररी याचे परिचित उदाहरण आहे. तिच्या हेडर फाइलमध्ये ‘इंट३२’ची व्याख्या ‘लाँग’ अशी, तर विंडोजच्या हेडर फाइलमध्ये ‘इंट’ अशी आहे. विंडोजवर दोन्ही ३२ बिटांचेच असतात. तरीही भाषेच्या नियमानुसार ते भिन्न टाइप असल्याने कंपायलर त्रुटी दाखवतो.

‘बूलियन’ या नावाबाबतचा धोका अधिक गंभीर आहे. लिबजेपेगमध्ये मुळात तो ‘इंट’ म्हणजे सामान्यतः ४ बाइटांचा, तर विंडोजमध्ये १ बाइटाचा आहे. लायब्ररी एका व्याख्येने आणि तिचा वापर करणारा प्रोग्रॅम दुसऱ्या व्याख्येने कंपायल झाल्यास स्ट्रक्चरचे आकारमान जुळत नाही. लिबजेपेग हे आकारमान तपासून काम थांबवते. अशी तपासणी नसलेल्या लायब्ररीत मात्र कोणतीही सूचना न मिळता चुकीची स्मृती वाचली जाऊ शकते.

भारतीय लिप्यांवरील परिणाम

विस्तृत अक्षरांसाठीचा टाइप विंडोजवर १६, तर लिनक्सवर ३२ बिटांचा असतो. देवनागरीचा मुख्य युनिकोड विभाग १६ बिटांत मावतो. २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये समाविष्ट झालेली मोडी लिपी मात्र त्या मर्यादेपलीकडे आहे. त्यामुळे मोडीच्या एका अक्षरचिन्हासाठी विंडोजवर दोन एकके लागतात आणि एका एककास एक अक्षर मानणारा प्रोग्रॅम तेथे चुकतो.

उपाय

- १९९९ च्या प्रमाणकाने निश्चित आकाराचे पूर्णांक टाइप दिले. व्हिज्युअल सी++ मध्ये त्यांची हेडर फाइल २०१० च्या आवृत्तीपासून मिळते.
- २०११ च्या प्रमाणकानुसार तीच व्याख्या पुन्हा दिल्यास त्रुटी मानली जात नाही. भिन्न व्याख्या मात्र आजही अमान्य आहे.
- लायब्ररीतील सर्व नावांना तिचा स्वतंत्र उपसर्ग जोडणे.
- कार्यप्रणालीच्या हेडर फाइली वेगळ्या स्रोत-फाइलीपुरत्या मर्यादित ठेवणे.

केवळ त्रुटी नाहीशी करण्यासाठी एखादी व्याख्या वगळणे धोक्याचे ठरते. लायब्ररी व प्रोग्रॅम दोन्ही एकाच व्याख्येने पुन्हा कंपायल करणे आवश्यक असते.