पंच : एक स्पेलिंग, तीन घराणी

आजची सुरुवात एका दुरुस्तीने करतो. शब्दांच्या इतिहासावर बोलताना मी कित्येक वर्षं एक उदाहरण हमखास देत आलो आहे. इंग्रजीतला 'पंच', म्हणजे पार्टीत मोठ्या काचेच्या भांड्यातून पळीने वाढतात ते पेय, हा शब्द आपल्या 'पाच'वरून गेला. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला. मोजा, झाले पाच! लोकांना हे ऐकून आनंद होतो, टाळी पडते आणि वक्ता खूश होऊन पुढे जातो. ती टाळी मीही घेतली आहे. अलीकडे हे उदाहरण मुळापासून तपासलं, तेव्हा लक्षात आलं की मी जितक्या ठामपणे सांगत होतो तितका पुरावा त्यामागे नाही. म्हणून आज हा एकच शब्द घेऊ. स्पेलिंग पाच अक्षरांचं आहे, हा निव्वळ योगायोग.

आधी एक गोष्ट मान्य करू या. 'पंच' हा इंग्रजीत एक शब्द नाही. ऑफिसात शिरताना आपण कार्ड पंच करतो, मुष्टियोद्धा पंच मारतो, विनोदाला पंचलाइन असते, लंडनहून 'पंच' नावाचं साप्ताहिक निघत होतं आणि पेय तर आहेच. ही सगळी एका कुटुंबातली माणसं नाहीत. किमान तीन वेगवेगळी घराणी एका नावाच्या पाटीखाली राहतात, आणि आपण पाटी वाचून नातं जोडतो.

सगळ्यात जुनं घराणं टोचण्याचं. लॅटिनमध्ये 'पुंगेरे' म्हणजे टोचणे, भोसकणे. त्यातून फ्रेंचमध्ये टोच्याला, म्हणजे भोक पाडायच्या अणकुचीदार हत्याराला, 'प्वँसाँ' म्हणू लागले. तिथून ते इंग्रजीत आलं. याच लॅटिन मुळापासून 'पॉइंट' झाला, विरामचिन्हांचं 'पंक्च्युएशन' झालं आणि आपल्या रस्त्याकडेच्या दुकानावर टायर टांगून ज्याची पाटी लावतात तो 'पंक्चर'ही झाला. म्हणजे ऑफिसातलं पंचिंग आणि चाकाचं पंक्चर हे सख्खे नसले तरी चुलतभाऊ नक्की आहेत.

मग मुठीने मारलेला पंच? तोही याच घरातला. इंग्रजीत हे क्रियापद आधी टोचणे, ढोसणे या अर्थाने वापरात होतं. औताच्या बैलाला आपल्याकडे पराणी टोचतात ना, तसं. अमेरिकेत गुरं हाकणाऱ्याला 'काउपंचर' म्हणतात, ते तो गाईला ठोसे मारतो म्हणून नव्हे, काठीने ढोसतो म्हणून. काठीचं टोक गेलं आणि तिथे मूठ आली, इतकाच बदल. विनोदाची पंचलाइन ही त्या मुठीची अगदी अलीकडची नात.

या घराण्यातल्या दोन गोष्टींवर मात्र थांबायला हवं. पहिली छपाईची. शिशाचे खिळे जुळवून पुस्तकं छापत, तेव्हा प्रत्येक अक्षराचा जन्म 'पंच'मधून होत असे. पोलादी कांबीच्या टोकावर कारागीर अक्षर उलटं कोरायचा. ती कांबी कडक करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकायची, म्हणजे तिथे खोलगट ठसा उमटतो. तो साच्यात बसवून वितळलेल्या धातूचे हवे तितके खिळे ओतायचे. रोमन लिपीला असे पंच थोडक्यात भागतात. आपल्याला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, म्हणजे शेकडो पंच आले. हे काम बंगालमध्ये ज्या माणसाने उभं केलं त्याचं नाव पंचानन कर्मकार. चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली त्याने बंगाली अक्षरं केली, हालहेडचं बंगाली व्याकरण 1778 मध्ये छापलं गेलं ते त्या अक्षरांत. पुढे तो श्रीरामपूरला विल्यम कॅरीकडे आला आणि तिथे देवनागरीचे पंच कोरू लागला. त्याच श्रीरामपूरहून 1805 मध्ये कॅरीचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापून आलं. छापील मराठीच्या इतिहासातलं हे पहिल्या पानावरचं नाव, पण आपल्या शाळेच्या पुस्तकात पंचानन क्वचितच भेटतो.

आता गंमत बघा. पंच कोरणाऱ्याचं नाव पंचानन. नावातला 'पंच' संस्कृतातला, पाच तोंडांचा शंकर. हातातला पंच लॅटिनमधला टोच्या. एकाच माणसाच्या नावात आणि हातात दोन 'पंच', आणि त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. कागदपत्रं नसती तर आपण छातीठोकपणे सांगितलं असतं की पंचाननवरूनच 'पंच' शब्द पडला! मुंबईत जावजी दादाजींनी टाइप फाउंड्री काढली आणि 1869 मध्ये निर्णयसागर पंचांग छापलं, तिथेही हीच जोडी. पंचांग पाच अंगांचं, खिळे पंचाचे.

दुसरी गोष्ट तिकिटाची. एसटीचा कंडक्टर हातातला चिमटा टिकटिक वाजवत गर्दीतून यायचा आणि तिकिटाला भोक पाडायचा, ते इथल्या निम्म्या लोकांना आठवत असेल. अमेरिकेतल्या रेल्वेत हे काम आणखी बारकाईने चाले. प्रवाशाचे केस काळे की पिंगट वगैरे वर्णन तिकिटावर छापलेलं असे, आणि कंडक्टर लागू पडेल तिथे भोक पाडे. म्हणजे दुसऱ्याचं तिकीट कोणी वापरू नये. हर्मन हॉलेरिथ नावाच्या इंजिनिअरने हे पाहिलं. माणसाचं वर्णन भोकांत लिहिता येतं, तर जनगणना का नाही? मागाला नक्षी शिकवणारी भोकांची पुठ्ठ्याची कार्डं फ्रान्समध्ये जॅकार्डने आधीच वापरात आणली होती. हॉलेरिथने 1890 च्या अमेरिकन जनगणनेत माणसांची कार्डं केली आणि ती मोजणारं विजेचं यंत्र केलं. त्याची कंपनी पुढे ज्या कंपनीत मिसळली तिला 1924 पासून आयबीएम म्हणतात. आणि भोक नीट पडलं नाही तर काय होतं? 2000 साली फ्लोरिडात मतपत्रिकांना अर्धवट लटकलेले कागदाचे कपटे मत धरायचे की नाही, यावर अख्खा देश अडून बसला होता. शेवटी बुश 537 मतांनी जिंकले असं ठरलं.

दुसरं घराणं इटलीतलं. नेपल्सच्या लोकनाट्यात 'पुल्चिनेल्ला' नावाचं पात्र आहे. चोचीसारखं नाक, पाठीला पोक. कोंबडीच्या पिल्लाला इटालियनमध्ये 'पुल्चिनो' म्हणतात आणि बहुतेक त्या चोचीवरूनच हे नाव पडलं. बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या इटालियन मंडळींबरोबर तो लंडनला आला. सॅम्युएल पीप्सने 9 मे 1662 रोजी कॉव्हेंट गार्डनमध्ये असा खेळ पाहिला आणि रोजनिशीत नोंदवला. इंग्रजांच्या तोंडी पुल्चिनेल्लाचा 'पंचिनेलो' झाला, मग कापून 'पंच'. सात वर्षांनी हाच पीप्स लिहितो की एका गल्लीतले गरीब लोक आपल्या गुबगुबीत मुलाला 'पंच' म्हणत होते, कारण आखूड आणि जाड अशा कशालाही आता हाच शब्द चालतो. सफोक परगण्यातल्या बुटक्या पायांच्या दणकट घोड्यांना 'सफोक पंच' म्हणतात, तेही याच अर्थाने. बाहुली-पंचाच्या हातात सोटा असतो आणि तो दिसेल त्याला बडवतो, त्यामुळे त्याचं नाव मुठीच्या पंचावरून पडलं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. नाव चोचीचं आहे, सोटा योगायोगाने जुळला.

लंडनचं 'पंच' साप्ताहिक या बाहुल्याच्या नावाने 17 जुलै 1841 ला सुरू झालं. एक संपादक मार्क लेमन. असं सांगतात की बारसं चाललं असताना कोणीतरी म्हणालं, लेमनशिवाय पंच कसला? बाहुला आणि पेय अशी दोन घराणी त्या एका कोटीत एकत्र आली. चेष्टाचित्राला 'कार्टून' म्हणायची पद्धत याच साप्ताहिकाने 1843 मध्ये पाडली. आणि नाव तर जगभर गेलं. योकोहामात चार्ल्स वर्गमनने 1862 मध्ये 'जपान पंच' काढलं, त्यावरून जपानीत व्यंगचित्राला 'पोंची-ए' म्हणू लागले. लखनौला 1877 पासून 'अवध पंच'. मुंबईत 'पारसी पंच' 1854 मध्येच आलं होतं, त्याचं पुढे 'हिंदी पंच' झालं. आणि ठाण्याहून मराठी 'हिंदू पंच'. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ज्याच्यावर बदनामीचा खटला भरला होता, तेच हे पत्र.

इथे मला एक वेगळी गोष्ट दिसते. लंडनच्या वाचकाला 'पंच' म्हटलं की सोटेवाला विदूषक दिसतो. ठाण्याच्या वाचकाला ती दोन देवनागरी अक्षरं वाचून आधी कोण आठवणार? गावकीत निवाडा करणारा पंच. सरकारचे आणि पुढाऱ्यांचे कान उपटायला बसलेल्या पत्राला हे नाव जास्तच शोभतं. आयात केलेल्या शब्दाला इथे आयतं सिंहासन मिळालं. हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो.

आता तिसरं घराणं, पेयाचं, ज्याच्यासाठी आपण जमलो. पुरावे तारखेने लावू. 1632 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या पेटापोलीच्या वखारीत पत्र पाठवलं, त्यात पंच पिण्याचा उल्लेख आहे. इंग्रजीतला हा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख. म्हणजे शब्द हिंदुस्थानात वावरणाऱ्या इंग्रजांमध्ये दिसतो, हे आपल्या बाजूचं. पण पत्रात कृती नाही. मग 1638 मध्ये सुरतेला आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो. तो 'पालेपुंट्झ' असं लिहितो, 'बोल ऑफ पंच'चा हा जर्मन अवतार, आणि त्यात काय घालतात तेही सांगतो: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. मोजा. चार! त्यानंतर फ्रेंच वैद्य बर्निए, तो 'बुलपोंज' म्हणतो. त्याच्या बंगालच्या वर्णनात काळ्या साखरेचं अरक, लिंबाचा रस, पाणी आणि थोडं जायफळासारखं काहीतरी.

आणि मग येतो आपला मुख्य साक्षीदार, डॉक्टर जॉन फ्रायर. 1670 च्या दशकात तो मुंबई, सुरत, गोवा, अगदी जुन्नरपर्यंत फिरला. त्याचं पुस्तक 1698 मध्ये छापलं गेलं. त्यात नेरूळच्या उत्तम 'गोव्याच्या' अरकाबद्दल लिहिताना तो सांगतो की या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून 'पाँच' नावाचं गाळण उडवणारं पेय करतात, हिंदुस्थानीत त्याचा अर्थ पाच, कारण घटक पाच. वैद्यही घटकांच्या संख्येवरून औषधाला नाव देतात, अशी जोड तो देतो. आपल्याकडे पंचामृत आणि त्रिफळा आहेतच, त्यामुळे हे आपल्याला लगेच पटतं. पण लक्षात घ्या, फ्रायर आला तेव्हा शब्द वापरात येऊन चाळीस वर्षं झाली होती. जन्माला हजर असलेली सुईण आणि बारशाला आलेला पाहुणा यांच्या साक्षीत फरक असतो.

दुसरी अडचण उच्चाराची. आज इंग्रज 'पंच' म्हणतो, पण सतराव्या शतकाच्या आरंभी त्या 'यू'चा उच्चार 'पुंच'च्या जवळ जाणारा होता. जर्मनाचा 'पुंट्झ' आणि फ्रेंचाचा 'पोंज' तेच सांगतात. 'पाच' किंवा 'पंच' कानावर पडून 'पुंच' का व्हावा? 'पंजाब' इंग्रजीत 'यू' घालून लिहितात हे खरं, पण ती सोय उच्चार बदलल्यानंतरची.

मग दुसरा दावेदार कोण? पिंप. जहाजावर दारू ठेवायच्या मोठ्या पिंपाला इंग्रजीत 'पंचन' म्हणत, आणि खलाशाच्या तोंडी शेवटचं अक्षर गळणं काही अवघड नाही. या पिंपाचं फ्रेंच नाव? पुन्हा 'प्वँसाँ', टोच्याचं तेच. म्हणजे हा दावा खरा निघाला तर आपलं सरबत थेट पंक्चरच्या दुकानात जाऊन बसतं. अर्थात या बाजूलाही सरळ पुरावा नाही, एकही जुना लेखक पिंपावरून नाव पडलं असं सांगत नाही. यूल आणि बर्नेल यांनी 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात पाचाच्या बाजूने कौल दिला. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी उच्चाराची आणि घटकांच्या संख्येची शंका काढली.

माझं मत विचाराल तर, 'पाच' हा अजूनही सगळ्यांत बरा अंदाज आहे. शब्द आपल्या किनाऱ्यांवर पहिल्यांदा दिसतो, अरक इथलं, आणि अर्थ सांगणारा पहिला माणूस तो 'पाच' सांगतो. पण अंदाज तो अंदाजच. तो आपल्या सोयीचा आहे एवढ्यासाठी त्याला सिद्ध म्हणता येत नाही. इंग्रजांनी 'लूट' आपल्याकडून नेली हे कागदोपत्री दाखवता येतं, 'शाम्पू' आणि 'बंगला' दाखवता येतात. तिथे खुशाल टाळ्या घ्याव्यात.

माझ्या जुन्या भाषणाची स्लाइड तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल, पाच वाट्या आणि खाली मोठ्या अक्षरांत 'पाच = पंच'. वाट्या ठेवल्या आहेत. बरोबरच्या चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं आहे, आणि शेजारी मांडेल्स्लोच्या चार वाट्याही काढल्या आहेत. आता तुमचे प्रश्न घेऊ.